दूध संकलन ॲप, नोटिफिकेशनचं काम: जून-जुलै २०२४ च्या नोंदी

१० जून, सोमवार

आजपासून नोटिफिकेशनचं काम पूर्णपणे माझ्याकडे आलं, म्हणून ही नोंदवही सुरू करतेय. ॲप तीन वर्षं चालू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, पन्हाळा आणि शिरोळ तालुक्यांतल्या चौदा गावांच्या दूध संस्था ते वापरतात. सभासदानं दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि रक्कम त्याच्या मोबाईलवर जाते, दर दहा दिवसांनी बिल जातं, आणि दूध न्यायची गाडी येणार नसेल तर तसा निरोप जातो. निदान जायला हवा.

घाई दोन कारणांनी आहे. गूगलनं निरोप पाठवायची जुनी पद्धत बंद करणार असं गेल्या वर्षी जूनमध्येच सांगितलंय आणि येत्या २२ जुलैपासून ती बंद व्हायला सुरुवात होईल. आमचा सर्व्हर अजून त्याच जुन्या पद्धतीवर आहे. दुसरं कारण माझ्या लेखी जास्त मोठं. गेल्या महिन्यात आलेल्या तक्रारी आज वाचून काढल्या, तर निम्म्याहून जास्त एकाच मजकुराच्या: "कधी येतं, कधी येत नाही." कागदी पावतीबद्दल असं कधी कुणी म्हटलेलं नाही. पावती हातात पडते किंवा पडत नाही, आणि पडली नाही तर माणूस काउंटरवरनं हलत नाही. मोबाईलवरच्या पावतीला तेवढीच पत मिळाली पाहिजे. त्याहून कमीवर हे काम झालं असं मी म्हणणार नाही.

नव्यानं येणाऱ्यासाठी वाट लिहून ठेवते. आमचा सर्व्हर थेट कुणाच्या फोनशी बोलत नाही. प्रत्येक अँड्रॉइड फोन गूगलच्या सर्व्हरशी एक जोडणी सतत उघडी ठेवतो. सगळ्या ॲपसाठी मिळून ती एकच, म्हणजे दहा ॲपनी दहा जोडण्या धरून बॅटरी खायला नको. आम्ही निरोप गूगलला देतो, गूगल त्या जोडणीवरनं फोनला देतं. आयफोनला हेच काम ॲपलची सेवा करते. कुठला फोन हे ओळखायला लांबलचक टोकन असतं, ते ॲप पहिल्यांदा उघडल्यावर मिळतं आणि आमच्या डेटाबेसमध्ये येऊन बसतं. म्हणजे काउंटरपासून सभासदाच्या खिशापर्यंत तीन हात आहेत आणि त्यातला एकच आमचा.

१२ जून, बुधवार

नव्या पद्धतीवर पहिला निरोप गेला, माझ्याच फोनवर. जुन्या पद्धतीत एक कायमची किल्ली होती. ती कोडमध्येच लिहून ठेवलेली सापडली, आणि कोड तर आजवर येऊन गेलेल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आहे. ज्याच्या हाती ती किल्ली, त्याला आमच्या नावानं चौदा गावांना काहीही पाठवता आलं असतं. नव्या पद्धतीत सर्व्हरजवळ खात्याची एक फाईल असते, तिच्यातल्या किल्लीनं सही करून तासाभरापुरता परवाना घ्यायचा आणि तो संपला की नवा. फाईल कोडमधून बाहेर काढली, सर्व्हरवर वेगळी ठेवली, वाचायची परवानगी फक्त त्या एका प्रोग्रॅमला.

एक फरक वेळेत लक्षात आला ते बरं. जुन्या पद्धतीत एका विनंतीत हजार टोकनं टाकता यायची. नवीत एका विनंतीला एकच. म्हणजे दीड हजार सभासदांना बिल जायचं तर दीड हजार विनंत्या. एकाच जोडणीवरनं समांतर पाठवल्या तर वेळ फारसा वाढत नाही, पण कोडचा तो भाग मुळापासून लिहावा लागणार.

१५ जून, शनिवार

पहाटे साडेपाचला राजारामपुरीतून निघून नदीकाठच्या एका संस्थेत गेले. ऑफिसात बसून हे कळणार नव्हतं.

सहाच्या आधीच रांग लागलेली. किटल्या, चरव्या, दोन-तीन मोठे कॅन. सचिव आण्णा काउंटरवर. एक आक्का आल्या, किटली ओतली, काट्यावर ४.५ लिटर. पोऱ्यानं नमुना यंत्राखाली धरला. फॅट ६.८, एसएनएफ ९.१. आण्णांनी सभासद नंबर टाकला, पावती फाडली. त्यांच्या पडद्यावर हिरवी खूण आली: "पाठवला." आक्कांचा फोन कमरेच्या पिशवीत होता. मी म्हटलं, "आक्का, बघा की आलंय का." त्यांनी फोन काढला, डोळ्याजवळ धरला. "माझ्या फोनला काय बी येत न्हाई बघ. पहिल्यापास्नंच न्हाई."

पहिल्यापासून. आणि आमच्या नोंदीत आक्कांच्या नावावर मे महिन्याचे ६२ निरोप, सगळ्यांना हिरवी खूण.

फोन त्यांच्या परवानगीनं हातात घेतला. अँड्रॉइड १३. या आवृत्तीपासून ॲपला नोटिफिकेशन दाखवायला आधी विचारावं लागतं, आणि आमचं ॲप ते उघडल्या उघडल्या विचारत होतं, अजून लॉगिनही झालेलं नसताना. नातवानं बसवून दिलं तेव्हा खिडकी आली, त्यानं "परवानगी देऊ नका" दाबलं. अनोळखी ॲपला मीही तेच दाबते. निरोप रोज फोनपर्यंत येत होते आणि फोन ते दाखवत नव्हता.

परत येताना ठरवलं: ही हिरवी खूण बदलायची. गूगलकडून येणाऱ्या २०० या उत्तराचा अर्थ एवढाच की निरोप त्यांनी ठेवून घेतला. तो फोनवर उतरला, माणसाला दिसला, यातलं काहीही त्यात येत नाही. आम्ही तीन वर्षं पोस्टाच्या पेटीत टाकलेल्या पत्राला "मिळालं" म्हणत आलोय. आजपासून पडद्यावर "पाठवला" आणि "पोचला" वेगळे. दुसरा शब्द ॲपनं स्वतः उलट कळवल्याशिवाय दिसणार नाही.

परवानगीची खिडकीही हलवली. आता पहिली पावती झाल्यावर ॲपमध्ये ती पावती दिसते, तिच्याखाली मराठीत एक ओळ: "अशी पावती दर वेळी लगेच मिळावी का?" हो म्हटलं तरच फोनची खिडकी येते. फोन एकदा-दोनदा नकार ऐकल्यावर पुन्हा विचारूच देत नाही, म्हणून आधी आपण विचारलेलं बरं.

१८ जून, मंगळवार

टोकनांची साफसफाई. सभासद १,४८०, टोकनं २,३१६. जादाची बरीचशी मेलेली. ॲप काढून टाकलं की टोकन बाद होतं आणि पुढच्या वेळी गूगल ४०४ देऊन "अनरजिस्टर्ड" म्हणतं. जुना कोड ते उत्तर वाचतच नव्हता. आता ते आलं की टोकन त्याच क्षणी काढायचं. २७० दिवस गूगलशी न जोडलेल्या फोनचं टोकन गूगलही बाद धरतं, म्हणून शेवटचं कधी दिसलं याची तारीखही ठेवायला लागले.

यातलं एक प्रकरण मात्र मला साफसफाईपेक्षा गंभीर वाटतं. एका सभासदानं जुना फोन भाच्याला दिला. ॲपमधून बाहेर न पडताच. भाच्यानं त्यात आपला नंबर टाकला, तोही दुसऱ्या संस्थेचा सभासद. टोकन तेच, डेटाबेसमध्ये दोघांच्या नावावर. गेले आठ महिने मामाच्या दुधाचा आणि कर्जाच्या कपातीचा हिशेब भाच्याच्या फोनवर वाजतोय. मामाला कळलं तेव्हा तो संस्थेत आला आणि आण्णांना म्हणाला, "माझं किती कापलं जातंय ते घरात सांगितलं नव्हतं मी."

टोकन ही फोनवरच्या ॲपची खूण आहे, ती माणसाची नाही. एका टोकनला एकच मालक, नव्यानं लॉगिन झालं की जुनी जोड तुटलीच पाहिजे. डेटाबेसमध्येच तशी अट घातली, कोडवर सोडलं नाही. बाहेर पडताना टोकन मिटवणंही आता सक्तीचं. कर्जाचा आकडा दुसऱ्याच्या हातात जाणं ही तांत्रिक चूक म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे. मी त्या सभासदाला फोन करून माफी मागितली.

२१ जून, शुक्रवार

आज दिवसभर एकच कोडं. बिलाचा निरोप काही ठरावीक सभासदांना कधीच जात नाही. फोन चांगले, टोकन जिवंत, रोजच्या पावत्या पोचतात. यादी काढून आण्णांना वाचून दाखवली. पाच-सहा नावं ऐकल्यावर ते म्हणाले, "ही सगळी गाय आणि म्हैस दोन्ही घालणारी हाईत."

मग उलगडलं. एका निरोपाला ४,०९६ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. "म्हैस" लिहायला पाच चिन्हं लागतात: म, हलन्त, ह, मात्रा, स. पंधरा बाइट. आकडेही आम्ही देवनागरीत देतो, तेही तीन-तीन. तारीख, वेळ, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम अशी एक ओळ सुमारे ७६ बाइटची होते. दहा दिवसांच्या वीस ओळी म्हणजे दीड हजारावर. आणि तोच मजकूर आम्ही दोनदा घालत होतो, एकदा दाखवायला आणि एकदा ॲपमध्ये साठवायला. नुसती म्हैस असेल तर तीन हजारांच्या आसपास, म्हणजे बसतं. गाईच्या वीस ओळी वाढल्या की सहा हजारांच्या पुढं. गूगल विनंती परत करतं, कोड ती चूक गिळून टाकतो.

आकडे इंग्रजीत करावेत असं एकानं सुचवलं. मी नको म्हटलं. आक्का देवनागरी आकडे वाचतात. बिलच निरोपात कोंबायचं बंद केलं. आता फक्त "११ ते २० जूनचं बिल तयार आहे", एकूण रक्कम आणि बिलाचा क्रमांक. बाकी ॲप सर्व्हरकडून मागून घेतं. नोटिफिकेशन ही दारावरची टकटक आहे, सामान आत आल्यावर द्यायचं.

२५ जून, मंगळवार

कर्नाटकी बेंदूर होऊन गेला, आता पावसाची वाट. एका संस्थेचे अध्यक्ष ऑफिसात आले होते. पशुखाद्याची, मिनरल मिक्श्चरची जाहिरात रोज सगळ्यांना जावी असा आग्रह. आमचे ऑफिसचे सर माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं ते असं:

अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक नोटिफिकेशन कुठल्या तरी चॅनलमध्ये, म्हणजे ठरावीक कप्प्यात, टाकावं लागतं आणि सभासद हवं ते चॅनल बंद करू शकतो. आज आपलं सगळं एकाच चॅनलमध्ये आहे. उद्या पेंडीची जाहिरात रोज वाजली तर माणूस वैतागून ते बंद करेल आणि त्याबरोबर पावती, बिल, "गाडी येणार नाही" हे सगळंच बंद होईल. आणि आपल्याला ते समजणारही नाही, कारण गूगल निरोप घेत राहील.

अध्यक्ष समजूतदार माणूस. म्हणाले, "मग दुधाचं दुधात ठेवा." चार चॅनल केले: पावती, बिल, तातडीचं, संस्थेची माहिती. जाहिरात शेवटच्यात, आठवड्यातनं एकदा.

प्राधान्यही त्याच बैठकीत ठरवलं. फोन बराच वेळ हलवला नाही, चार्जिंगला नाही, पडदा बंद, की तो डोझ नावाच्या झोपेत जातो. साधा निरोप मग तो अधूनमधून जागा होईल तेव्हाच मिळतो. जास्त प्राधान्याचा निरोप त्याला जागं करतो. पावती आणि तातडीचं जास्त प्राधान्यानं. बिल साध्यानं, पहाटे चारला आलं काय आणि सहाला काय. सगळ्यालाच तातडीचं म्हणायचा मोह होतो, पण मग बॅटरी जाते आणि फोन आपल्या ॲपकडे संशयानं बघायला लागतो.

२९ जून, शनिवार

आयफोन. एकूण ४१, बहुतेक पुण्यात नोकरीला असलेली मुलं, घरच्या दुधाचा हिशेब बघणारी. चाचणीच्या ॲपमधली टोकनं खऱ्या सेवेकडे गेली की "बॅड डिव्हाइस टोकन" येतं, कारण ॲपलची चाचणीची सेवा आणि खरी सेवा वेगळ्या. दोन्हींची टोकनं वेगळ्या खान्यात ठेवली. अर्ध्या दिवसात संपलं.

११ जुलै, गुरुवार

आजचा दिवस वाईट गेला.

बिलाचा दिवस. सकाळी नऊला १,४८० निरोप एकदम सुटले. नेमकं ऑफिसचं इंटरनेट मंदावलं आणि उत्तरं उशिरा यायला लागली. जुन्या कोडमधला एक तुकडा मी तसाच उचलला होता: दोन सेकंदांत उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठव. उत्तर आलं नव्हतं, निरोप मात्र गेला होता. पुन्हा गेला. काहींना तिसऱ्यांदाही.

पावणेदहाला पहिला फोन. शिरोळकडचे एक तात्या, आवाजात आनंद. "पोरी, तीन डाव बिल जमा झालं व्हय? फरक दिला काय संस्थेनं?" दिवाळीला मिळणारा दर फरक त्यांना आषाढातच आला असं वाटलं. मी त्यांना एकदाच जमा झालंय असं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग "बरं, बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. तो आवाज दिवसभर डोक्यातनं गेला नाही. पैशाच्या निरोपात अशी चूक करायचा मला काही अधिकार नाही.

दुपारी बसून केलेले बदल. उत्तराची वाट किमान दहा सेकंद. पुन्हा पाठवायचं तर लगेच नाही: आधी थोडं थांबून, मग दुप्पट, मग चौपट, आणि त्यात थोडा अनियमितपणा, म्हणजे अडलेले सगळे एकाच क्षणी पुन्हा धडकायला नकोत. गूगलनं किती वेळानं या असं सांगितलं असेल तर तेवढंच थांबायचं. सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक निरोपाला आमचा स्वतःचा क्रमांक. तोच क्रमांक फोनवर पुन्हा आला तर ॲप नवं नोटिफिकेशन न दाखवता आधीचंच बदलतं. निरोप एकदाच जाईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. तो एकदाच दिसेल याची हमी आम्ही देऊ शकतो.

शिवाय चौदा संस्थांची बिलं आता दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं जातील.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. ऑफिस बंद. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सर्व्हरवर एकदा नजर टाकली, जुन्या पद्धतीवरचा शेवटचा निरोप काल रात्री गेलाय. आता एकही नाही.

२२ जुलै, सोमवार

गूगलची जुनी पद्धत आजपासून बंद व्हायला लागली. आमच्याकडे काही जाणवलं नाही.

जाणवलं ते दुसरंच. पंचगंगा इशारा पातळीच्या आसपास आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका; हे आकडे इथल्या पोराटोरांना पाठ असतात. २०१९ आणि २०२१ नंतर तर पाऊस लागला की घराघरांत दर दोन तासांनी फूट आणि इंच विचारले जातात. काल दुपारी आण्णांचा फोन: रस्त्यावर पाणी यायला लागलंय, संध्याकाळची गाडी येत नाही. साडेचारला तातडीच्या चॅनलवर सर्वांना निरोप गेला: "आज संध्याकाळी संकलन बंद राहील."

त्याच वेळी गावची वीज गेली, थोड्या वेळानं टॉवरही. रात्रभर फोन मुके. आज सकाळी सातला टॉवर आला आणि निरोप पोचला. "आज संध्याकाळी संकलन बंद राहील." आज गाडी यायची आहे! आण्णा वैतागून म्हणाले, "ताई, निम्मी माणसं संध्याकाळचं दूध घेऊन येणारच न्हाईत आता. आणि काल ज्यांना कळायला पायजे होतं ती पावसातनं किटली घेऊन येऊन परत गेली."

आक्काही त्यांच्यातच होत्या. पाच लिटर दूध परत घरी नेलं. विरजण लावलं म्हणाल्या, वाया नाही घालवलं. पण गुडघ्याएवढ्या पाण्यातनं दोन हेलपाटे.

चूक माझी आहे आणि साधी आहे. निरोप किती वेळ धरून ठेवायचा ते सांगितलं नाही तर गूगल तो चार आठवड्यांपर्यंत ठेवतं आणि फोन सापडला की देऊन टाकतं. पावतीला ते चालतं, पावती शिळी होत नाही. "आज" लिहिलेला निरोप मात्र उद्या पोचला तर त्यानं फसवणूक होते. आता प्रत्येक प्रकाराला आयुष्य ठरवलंय. संकलन बंदचा निरोप त्या संकलनाची वेळ संपली की मरतो. बिल सात दिवस. आणि मजकुरात "आज" हा शब्दच नको. "रविवार २१ जुलै, संध्याकाळचं संकलन बंद." चॅनल, प्राधान्य, आयुष्य सगळं जमलं तरी शब्द चुकला तर काय होतं ते आज कळलं.

२४ जुलै, बुधवार

दोन दिवस झोप कमी. न पोचलेल्यांचं काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय पुराच्या दिवसांत ह्या ॲपवर कुणी विसंबू नये असं मला वाटतं.

निरोप फोनवर उतरला की ॲपनं आम्हाला उलट कळवायचं. त्यासाठी निरोपाचा प्रकारच बदलावा लागला. आधीचा प्रकार ॲप मागं असताना अँड्रॉइड स्वतःच दाखवून टाकायचा, आमचा कोड जागाच व्हायचा नाही. आता नुसता डेटा पाठवतो, ॲप जागं होतं, स्वतः नोटिफिकेशन बनवतं आणि पोच देतं. एक अडचण मात्र राहते. ॲप सक्तीनं बंद केलेलं असेल तर ते जागं होत नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागचे ॲप जवळजवळ तसेच मारतात. अशा फोनवर सेटिंगमध्ये जाऊन आमच्या ॲपला सूट द्यावी लागते. ते कसं करायचं याची चित्रं संस्थेच्या भिंतीवर लावायला दिली.

गावांचे गट टॉपिकवर ठेवावेत असं आधी योजलं होतं, एक निरोप टाकला की गटातल्या सगळ्यांना. पण टॉपिकची रचना खूप लोकांपर्यंत पोचवण्यासाठी केलेली आहे, झटपट पोचवण्यासाठी नाही. तातडीचं टोकनांवरच ठेवलं.

मग खरी गोष्ट. निरोप सुटल्यावर वीस मिनिटांनी ज्यांची पोच आली नाही त्यांची यादी सचिवांच्या पडद्यावर आपोआप येते: नाव, गल्ली, फोन नंबर, दाबलं की कॉल लागतो. जोडीला एसएमएस. त्याचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो, ऐनवेळी मनाला येईल ते पाठवता येत नाही, आणि मराठीत एका एसएमएसला ७० अक्षरं. सुदैवानं आमचा एक जुना नमुना मंजूर होता, त्यात तारीख आणि वेळेची जागा मोकळी आहे.

२६ जुलै, शुक्रवार

पाणी धोका पातळीच्या वर. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागलेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपले आपण उघडतात. गगनबावड्याकडचा रस्ता बंद. चिखली, आंबेवाडीकडची माणसं जनावरांसह सोनतळीकडे. आमच्या चौदापैकी पाच संस्थांचं संकलन बंद, एका संस्थेनं वरच्या माळावर तात्पुरता काटा मांडलाय.

दुपारी तीन वाजता पाचही गावांना निरोप. आकडे लिहून ठेवते: ६१२ सभासद. तीन वाजून पाच मिनिटांनी ४३८ पोच. सव्वातीनला ५०७. वीस मिनिटांनी यादीत उरले ९४. सचिवांनी आणि दोन पोरांनी वाटून फोन लावले, लागले ५६. राहिलेल्या ३८ नावांपैकी बहुतेक एकाच गल्लीतली. आण्णा म्हणाले, "ती गल्ली म्या चालत जातो." गेलेही. देवळाच्या भोंग्यावरनंही पुकारलं.

त्या ३८ जणांना कळलं ते आण्णांच्या पायांनी. पण कुणाकडे जायचं ते त्यांना तीन वाजून वीस मिनिटांनी माहीत होतं. रविवारी हे कुणालाच माहीत नव्हतं.

३० जुलै, मंगळवार

पाणी उतरतंय. चिखल, वास, रस्त्याकडेला गाळाची रांग. दोन संस्था आज सकाळी पुन्हा सुरू झाल्या. आण्णांचा काटा धुऊन पुसून वाळवायला काल सगळा दिवस गेला. यंत्र आधीच माळ्यावर चढवलं होतं म्हणून वाचलं.

सकाळी ६:४२ ला पहिली पावती. सभासद आक्का. म्हैस, ३.२ लिटर, फॅट ६.९. दूध कमी, जनावरं आठ दिवस उघड्यावर उभी होती. निरोप ६:४२ ला सुटला, पोच ६:४२ लाच.

राहिलेली कामं:

बॅटरीची सूट न दिलेले फोन अजून १२० च्या वर आहेत. प्रत्येक संस्थेत एक सकाळ बसून लावून द्यायचे, सुरुवात शिरोळपासून.

एसएमएसचे आणखी दोन नमुने मंजुरीला टाकायचे: "संकलन जागा बदलली" आणि "संकलन पुन्हा सुरू".

तात्यांच्या गावी गेल्यावर त्यांना भेटायचं.